निवांत वाटा आणि त्यांचें वाङ्मय

मोठ्या शहराच्या आसपासच्या निवांत डोंगरवाटांवर लिहिण्याची हौस अलीकडे मराठींत बरीच वाढलेली दिसते. दिवाळी अंकांत, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत आणि स्वतंत्र पुस्तकरूपानेंही असे लेख येतात. आणि त्यांचा साचा आतां इतका ठरून गेला आहे कीं, पहिला परिच्छेद वाचतांच शेवटचा काय असेल हें सांगतां यावें. प्रथम शहरांतील कोलाहल व त्याचा उबग, मग पहांटेची गाडी, धुकें, कोणास ठाऊक नसलेली एक पायवाट, माथ्यावरील शांतता, आणि अखेर सोमवारच्या कामासाठीं परत आणलेला उत्साह. 'मला एक वाट सांपडली' हें या लेखांचें पालुपद होय. हें लेखन वाईट असतें असें माझें म्हणणें नाहीं. त्यांतील आनंद बहुधा खराच असतो, आणि पुण्यामुंबईस राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांना त्या आनंदाची गरज किती आहे हें सांगावयास नको. परंतु ती वाट तेथें कोणी पाडली, ती निवांत कां राहिली आणि उद्यां ती तेथें असेल काय, हे तीन प्रश्न या लेखांत क्वचितच विचारलेले आढळतात. ते न विचारल्यामुळें वाङ्मय म्हणून या लेखनाची जी हानि होते, तिचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा साचा मूळचा आपला नव्हे. ज्या इंग्रजी निबंधावरून फडके, खांडेकर, काणेकर यांना लघुनिबंध स्फुरला, त्याच निबंधानें भटकंतीचा हा सूरही आपणांस दिला. विल्यम हॅझलिटचा 'ऑन गोइंग अ जर्नी' हा निबंध इ. स. १८२२ मध्यें प्रसिद्ध झाला आणि तेव्हांपासून या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण कळत नकळत त्याचाच शिष्य ठरला आहे. मीं हा निबंध अनेक वर्षें वर्गांत शिकविला. आणि दर वर्षीं विद्यार्थ्यांच्या वह्यांत एकच सार उतरतें, तें हें कीं, लेखकास एकट्यानें चालणें आवडतें. परीक्षेच्या दृष्टीनें हें पुरेसें आहे. निबंधाच्या दृष्टीनें तें अर्धेंच आहे. एकांताचा कैवार घेऊन झाल्यावर हॅझलिट वळतो तो आठवणींकडे, आणि त्या आठवणी माणसांनीं भरलेल्या आहेत. कोलरिजला चालतां चालतां देखाव्याचें काव्य कसें करतां येई, हें तो हेवा वाटल्यासारखें सांगतो. १७९८ च्या एप्रिलच्या १० तारखेस, म्हणजे आपल्या विसाव्या वाढदिवशीं, वेल्समधील लँगॉलेन येथील उतारशाळेंत आपण रूसोची कादंबरी घेऊन बसलों होतों, हें तो तारखेनिशीं नोंदवितो. त्या वेळीं पुढ्यांत कोंबडीचें थंड मांस होतें हेंही विसरत नाहीं. एकांताचें तत्त्व सांगणारा हा मनुष्य जेव्हां रंगांत येतो तेव्हां तो गांवाचें नांव सांगतो, दिवस सांगतो, जेवण सांगतो. त्याच्या अनुकरणकारांनीं तत्त्व तेवढें उचललें आणि तपशील टाकून दिला.

शिवाय हॅझलिटला हें सुख कशाच्या जोरावर मिळालें, हेंही पाहण्यासारखें आहे. त्याच्या आधीं चाळीस वर्षें, १७८२ सालीं, कार्ल फिलिप मोरिट्झ हा जर्मन ग्रंथकार लंडनहून निघून ऑक्सफर्डवरून डर्बीशरच्या डोंगरांपर्यंत बहुतेक पायीं हिंडला. त्याच्या प्रवासवृत्तांतांत सृष्टीचें वर्णन आहे, पण त्याहून अधिक आहे तें उतारशाळांच्या दारांतून मिळालेल्या अपमानाचें. पायीं चालणारा म्हणजे भिकारी किंवा भामटा, असा त्या काळच्या इंग्लंडांतील मालकांचा आणि नोकरांचा समज होता. गाडीनें येईल तोच सभ्य. हॅझलिट लिहूं लागला तोंपर्यंत रस्ते सुधारले होते, टपालाच्या गाड्या वेळेवर धांवत होत्या, आणि ज्याला गाडीचें भाडें परवडतें असा मनुष्य केवळ आवडीनें चालूं शकतो ही गोष्ट लोकांच्या पचनीं पडूं लागली होती. चालण्याची सक्ति ज्या वर्गापुरती संपली, त्या वर्गानें चालण्याची स्तुति लिहिली. पाणक्यानें पाण्याच्या खांद्यावरील ओझ्यावर ललित निबंध लिहिल्याचें ऐकिवांत नाहीं.

हॅझलिटनंतर रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. त्याचा 'वॉकिंग टूर्स' हा निबंध १८७६ मध्यें 'कॉर्नहिल मॅगझिन'मध्यें आला. त्यांत त्यानें हॅझलिटची मनापासून तारीफ केली आहे. फक्त गुरुजी वाटेंत उड्या मारतात आणि धांवतात तें त्याला पसंत नाहीं, कारण त्यानें श्वास बिघडतो. स्टीव्हन्सनची शैली अतिशय गोड आहे. इतकी गोड कीं, तो नेमका कोणत्या वाटेनें गेला हें विचारावयाचें आपण विसरतों. संध्याकाळचा मुक्काम, शेकोटी, चिलीम, आणि आपण जगांत कोणी नाहीं असें वाटण्याचें सुख, हें सर्व त्यांत आहे. वाट मात्र नाहीं. आमच्या रविवारच्या लेखकांचा खरा पूर्वज हाच होय.

'कॉर्नहिल'चा त्या वेळचा संपादक लेस्ली स्टीफन हा मात्र निराळ्या घडणीचा मनुष्य होता. राष्ट्रीय चरित्रकोशाचा संपादक, आल्प्स चढणारा गिर्यारोहक, आणि १८७९ सालीं सर फ्रेडरिक पोलॉक व क्रूम रॉबर्टसन यांच्यासह त्यानें लंडनमध्यें एक मंडळी काढली. तिचें नांव 'संडे ट्रॅम्प्स', म्हणजे रविवारचे भटके. नावाजलेले विद्वान रविवारीं आगगाडीनें लंडनच्या बाहेर पडत आणि सरे परगण्याच्या टेकड्यांतून दिवसभर चालत. बॉक्स हिलच्या पायथ्याशीं जॉर्ज मेरेडिथ हा कादंबरीकार राही. त्याच्याकडे या भटक्यांचें स्वागत होई. मोठ्या शहराच्या कुशींतील निवांत वाटा शोधण्याचा जो उद्योग आज घरोघर चालतो, त्याचा हा एक आद्य नमुना म्हणावा लागेल. स्टीफनचा 'इन प्रेझ ऑफ वॉकिंग' हा निबंध १९०१ सालचा. मला तो या सर्वांत श्रेष्ठ वाटतो. चालणें म्हणजे आठवणी ओंवण्याचा दोरा, हें त्यांत अत्यंत साधेपणानें दाखविलें आहे. विनोदही आहे, बायरनच्या विषण्णतेचें खापर तो त्याच्या अधू पायावर फोडतो. पण माझ्या दृष्टीनें महत्त्वाची ती एक गोष्ट, जी तो जातां जातां सांगतो. 'आंत शिरणारावर खटला भरला जाईल' अशी पाटी दिसली कीं तो मुद्दाम तिकडे वळे; कारण पाटी लावली त्या अर्थीं पलीकडे कांहीं तरी पाहण्यासारखें असणार, असा त्याचा तर्क. कायद्याच्या हक्कांविषयीं ज्याच्या मनांत अंधश्रद्धा नाहीं, त्याच्यासाठीं लंडनच्या जवळही सुंदर वाटा शिल्लक आहेत असें तो म्हणतो.

हें वाचून हंसूं येतें आणि मग एक शंका येते. त्याचा सोबती पोलॉक हा १८८७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अपकृत्यांच्या कायद्यावरील प्रख्यात ग्रंथाचा कर्ता. आमच्या वाचकांत जे वकील असतील त्यांच्या कपाटांत करारकायद्यावरील 'पोलॉक आणि मुल्ला' असेल. त्यांतील पोलॉक तो हाच. परक्याच्या जमिनींत शिरणें हें अपकृत्य कसें होतें हें ज्यानें साऱ्या इंग्रजी जगास शिकविलें, तोच गृहस्थ रविवारीं कुंपण ओलांडीत होता. त्याला रखवालदारानें हटकलें असतें तर काय झालें असतें? फार तर दोन शब्द बोलाचालीचे. ज्यांच्या अंगावर चांगला कोट आहे त्यांचें कुंपण ओलांडणें हा विनोद ठरतो.

तो विनोद सर्वांनाच मिळत नव्हता, हें पुढें तीस वर्षांनीं दिसून आलें. मँचेस्टर आणि शेफील्ड हीं गिरण्यांचीं आणि पोलादाचीं शहरें. त्यांच्या मध्यें डर्बीशरचें डोंगरपठार. धुराखालीं आठवडा काढणाऱ्या कामकऱ्यांना रविवारीं मोकळी हवा हवी असे. पण वरचें पठार शिकारीसाठीं राखून ठेवलेलें आणि रखवालदारांच्या पहाऱ्याखालीं. १९३२ च्या एप्रिलच्या २४ तारखेस सुमारें चारशें तरुण किंडर स्काउट या पठारावर उघड उघड चढून गेले. बेनी रॉथमन हा विशीचा मुलगा त्यांचा पुढारी. खालीं येतांच धरपकड झाली आणि पांच जणांस दोन ते सहा महिन्यांपर्यंतच्या शिक्षा झाल्या. त्याच देशांत स्टीफनला निबंधाचा विषय मिळाला आणि रॉथमनला तुरुंग मिळाला. १९४९ मध्यें राष्ट्रीय उद्यानांचा आणि मोकळ्या रानांत जाण्यायेण्याचा कायदा होऊन प्रत्येक परगण्यानें आपल्या हद्दींतील सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा करावा असें ठरलें, आणि १९५१ सालीं तेंच डोंगरपठार इंग्लंडांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान झालें. या सर्व घडामोडींत सुंदर निबंधांचा वाटा किती, असें कोणी विचारलें तर उत्तर देणें अवघड आहे. निबंधांनीं हौस निर्माण केली हें कबूल. वाट राखली ती मात्र सह्या, नकाशे, साक्षी आणि तुरुंग यांनीं.

आतां आपल्याकडे वळूं. 'वाट सांपडली' या वाक्प्रचाराची आपल्याकडील मूळ कथा म्हणजे माथेरानचा शोध. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट यानें १८५० च्या मे महिन्यांत माथेरान 'शोधून काढलें' असें प्रत्येक मार्गदर्शिकेंत वाचावयास मिळतें. मॅलेटचा तळ पायथ्याच्या चौक गांवीं होता. पहिल्या संध्याकाळीं तो थोडा वर चढून आला. दुसऱ्या दिवशीं चौकच्याच एका जुन्या पाटलास बरोबर घेऊन माथ्यावर पोंचला. म्हणजे शोध लागण्यापूर्वीं वाट ठाऊक असलेला मनुष्य शोधकाच्या पुढें चालत होता. त्या डोंगराच्या अंगाखांद्यावर ठाकूर, कातकरी आणि धनगर पूर्वींपासून वावरत होते. जॉन यंग स्मिथ या लेखकानें १८७१ मध्यें माथेरानवर जें पुस्तक लिहिलें, त्याच्या नांवांतच झाडें आणि प्राणी यांच्याआधीं तेथील लोकांचा उल्लेख आहे. मॅलेटला उणें लेखण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या उकाड्यांत गुदमरणाऱ्यांसाठीं त्यानें एक जागा दाखवून दिली, आणि १९०७ मध्यें आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या उद्योगानें नेरळहून छोटी आगगाडी वर गेली. पण पाटलाचें नांव कोणत्याच मार्गदर्शिकेच्या पहिल्या पानावर छापलेलें नसतें, आणि हीच या वाङ्मयाची जुनी खोड आहे.

दुसरा प्रश्न निवांतपणाचा. तो निसर्गाची देणगी आहे असें समजून आपण चालतों. नाणेघाटाकडे पाहावें. जुन्नरहून कोंकणांत उतरणारी ही वाट आज भटक्यांची आवडती आहे. पावसाळा ओसरल्यावर एखाद्या मधल्या वारीं तेथें गेलें तर वाऱ्याखेरीज कांहीं ऐकूं येत नाहीं. पण घाटमाथ्याजवळच्या लेण्यांत सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, सातवाहन राजकुलाच्या भग्न प्रतिमांच्या खुणा आहेत, आणि वर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत अशी परंपरा सांगते. दोन हजार वर्षांपूर्वीं कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणारे बैलांचे तांडे येथून उतरत. त्या काळीं कोणी निवांतपणा शोधीत येथें आला असता तर त्याला तो मिळाला नसता. १८३० मध्यें बोरघाटांतून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्यें त्याच घाटांतून आगगाडी सुरू झाली, आणि सह्याद्रींतील कितीतरी जुन्या घाटवाटांवरील वर्दळ हळूहळू आटली. जी शांतता आपण ऐकतों ती ओसरलेल्या वर्दळीची आहे. हें ज्याला ठाऊक आहे त्या लेखकाच्या वर्णनाला आपोआप खोली येते. ज्याला ठाऊक नाहीं त्याला धुक्याचाच आश्रय घ्यावा लागतो.

मराठींत चालण्यावर लिहिलेलें सर्वोत्तम लेखन कोणतें, असें विचारल्यास मी इरावती कर्वे यांच्या 'वाटचाल' या लेखाचें नांव घेईन. तो १९४९ मध्यें निघालेल्या 'परिपूर्ति' या संग्रहांत आहे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरांची पालखी पुण्यांतून जाते आणि दिवेघाट चढून सासवडला उतरते. म्हणजे हीही शहराच्या वेशीपासून सुरू होणारी डोंगरवाटच. परंतु तिच्यावर एकांत मागण्याची सोयच नाहीं. दिंडींतील बायकांबरोबर लेखिका चालते, त्यांचें बोलणें ऐकते, त्यांच्या प्रेमानें भारावते; आणि त्याच दिंडींत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळ्या पंगतींत जेवतात हें पाहून तिचा जीव कासावीस होतो. ही कासाविशी ती भक्तीच्या भरांत झांकून टाकीत नाहीं. ज्या देशांतील लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, असा महाराष्ट्राचा नवा अर्थ तिला त्या वाटेवर कळला, आणि त्या अर्थांतील भेगही तेथेंच दिसली. हॅझलिटच्या परंपरेंतील कोणत्याही लेखकाला चालण्यांतून एवढें हातीं लागलेलें नाहीं. एकटें चालणाऱ्यास फार करून स्वतःचीच भेट होते.

गो. नी. दाण्डेकर यांचें नांव या संदर्भांत टाळतां येणार नाहीं, आणि टाळण्याचें कारणही नाहीं. दुर्गांच्या वाटांवर त्यांच्याइतकें प्रेमानें कोणी लिहिलें नसेल, आणि त्यांच्या पुस्तकांनीं पुण्यामुंबईच्या दोन पिढ्या घराबाहेर काढल्या. त्यांच्या दुर्गवर्णनांविषयीं माझी तक्रार एवढीच कीं, इतिहासाचा गहिंवर दाटून आला म्हणजे समोरचा वर्तमान दिसेनासा होतो. तटावर शिवकाल उभा राहतो आणि तटाखालचें घरटें मागें पडतें. पण त्याच लेखकानें 'माचीवरला बुधा' ही कादंबरी लिहिली आहे. लोणावळें आणि कर्जत यांच्या मध्यें, म्हणजे मुंबई आणि पुणें या दोहोंपासून एका दिवसाच्या टप्प्यांत, राजमाची आहे. सुटीच्या दिवशीं शहरी मंडळी तेथें रीघ लावतात. दाण्डेकरांचा बुधा उलट्या दिशेनें येतो. मुंबईंत दिवस काढून म्हाताऱ्या वयांत तो आपल्या माचीकडे परततो. येथें शोध नाहीं, ओळख आहे. निवांतपणा त्याला पाहावयाचा नाहीं, त्यांत राहावयाचें आहे, आणि राहणें म्हणजे छप्पर शाकारणें, पाणी आणणें, जनावर सांभाळणें. एकाच वाटेचा असा दुसऱ्या टोंकाकडून विचार करणारें पुस्तक मराठींत आहे, ही भाग्याची गोष्ट होय. रविवारच्या लेखकांनीं तें वाचलें नाहीं असें नव्हे. पुष्कळांचें तें आवडतें पुस्तक आहे. तरीही ते लिहावयास बसतात तेव्हां त्यांच्या माचीवर बुधा नसतो.

आश्चर्य वाटेल, परंतु ललित लेखांत जें सांपडत नाहीं तें रूक्ष मार्गदर्शिकांत सांपडतें. आनंद पाळंदे यांची 'डोंगरयात्रा' घ्या, किंवा हरीश कापडिया यांचें सह्याद्रीवरील इंग्रजी पुस्तक घ्या. अशा पुस्तकांना शैलीचा दिमाख नसतो. पायथ्याचें गांव, चढाईस लागणारा वेळ, पाण्याची सोय, एवढेंच त्यांना सांगावयाचें असतें. पण वाट सांगावयाची म्हटली कीं जो तो वाटेच्या खऱ्या नांवापाशीं येतो, आणि तीं नांवें शहरांत बनलेलीं नसतात. नाळ म्हणजे डोंगराच्या दोन अंगांमधील दगडधोंड्यांची उभी घळ. सोंड म्हणजे माथ्यापासून पायथ्याकडे उतरत गेलेली धार. पदर म्हणजे कड्याच्या मध्यें लागणारी झाडीची सपाटी. बैलवाट, पाणंद, खिंड, निसणी, मेट. खांडसहून भीमाशंकरला चढणाऱ्या दोन वाटांस लोक शिडीघाट आणि गणेशघाट म्हणतात. त्यांपैकीं कोणती कुणाच्या पायांना झेपेल हें नांवावरूनच कळतें. हे शब्द डोक्यावर भारा घेऊन उतरणाऱ्यांनीं घडविले आहेत. त्यांत पाऊल कोठें घसरेल आणि ओझें कोठें टेकतां येईल याचें ज्ञान सांठलेलें आहे. 'नागमोडी वाट' आणि 'हिरवा गालिचा' यांवर संसार करणाऱ्या आमच्या ललित गद्यानें हा शब्दसंग्रह अजून पुरता उचललेला नाहीं, हें मला मोठें वैगुण्य वाटतें. आणि या पुस्तकांतून वारंवार येणारी एक सूचना पाहा: पुढची वाट वाडींत विचारून घ्यावी. लेखकास आपल्या नकाशाची मर्यादा ठाऊक आहे, आणि वाडीस अधिक ठाऊक आहे हें तो मान्य करतो. मोबाइलवरील नकाशांत वाट म्हणजे नुसती एक रेघ उरली आहे. ती कोणाच्या दारावरून जाते हें रेघ सांगत नाहीं, आणि रेघेवरून चालणाऱ्यास कोणास कांहीं विचारण्याचा प्रसंगही येत नाहीं.

राहिला तिसरा प्रश्न, आणि तो सर्वांत निकडीचा. आजच्या कांहीं लेखकांनीं एक नवी पद्धत पाडली आहे. ते वाटेचें वर्णन करतात पण नांव सांगत नाहींत. गर्दी होऊं नये म्हणून मुद्दाम सांगत नाहीं, असेंही लिहितात. त्यांची भीति निराधार नाहीं. आषाढ-श्रावणांत रविवारीं सिंहगडावर, लोणावळ्याच्या परिसरांत किंवा कोणत्याही धबधब्याच्या वाटेवर जी झुंबड उडते, ती ज्यानें पाहिली आहे तो त्यांना दोष देणार नाहीं. पावसाळ्यांत कांहीं ठिकाणीं जाण्यास प्रशासनाला बंदी घालावी लागते ती उगाच नव्हे. तथापि शहराजवळची वाट चालणाऱ्यांच्या गर्दीनें जितकी बिघडते, तितकी ती कोणीच न चालल्यानें नाहींशी होते. आणि येथें आपला कायदा काय म्हणतो तें लक्षांत घेतलें पाहिजे. इंग्लंडांत १९३२ मध्यें, म्हणजे किंडर स्काउटच्याच वर्षीं, वाटहक्कांचा एक कायदा झाला. त्याप्रमाणें लोक वीस वर्षें अखंड एखाद्या वाटेनें हक्कानें चालत आले तर ती सार्वजनिक मानली जाऊं लागली. तेथें नुसत्या हौसेनें चालणाऱ्याचें पाऊलही पुरावा ठरतें. आपल्याकडील व्यवस्था शेतकऱ्याभोंवतीं बांधलेली आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्याचें कलम ५ शेताकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटेंतील अडथळा दूर करण्यासाठीं आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचें कलम १४३ जमीन धारण करणाऱ्यास दुसऱ्याच्या बांधावरून वाट मिळवून देण्यासाठीं आहे. दोन्ही कलमें चांगलीं आणि आवश्यक आहेत. पण त्यांत रविवारच्या भटक्याचें नांव कोठेंही नाहीं. तो आजवर चालला तो शेतकऱ्याच्या हक्काच्या सांवलींतून.

वनखात्याच्या हद्दींतील वाटांची गोष्ट निराळी. तेथें परवानगीचे आणि प्रवेशाचे नियम आहेत. पण डोंगराच्या पायथ्यापर्यंत पोंचण्याची जी पहिली अर्धा-पाऊण तासाची वाट असते, ती बहुधा खासगी जमिनींतून, बांधाबांधानें जाते. पुण्यामुंबईच्या आसपास त्या जमिनी भराभर विकल्या जात आहेत. ज्याचे वाडवडील त्या बांधावरून गुरें नेत, तो शेतकरी जमीन देऊन गेला; घेणाऱ्यानें तारेचें कुंपण घातलें, फाटक बसविलें, आणि फाटकावर राखणदार ठेवला. घेणाराही पुष्कळदां शहरांतील शांतताप्रिय गृहस्थच असतो. आपल्या शेतघरापुढील निवांतपणावर उद्यां तोही एखादा लेख लिहील. वाडींतल्या बाईला आतां लाकडाची मोळी घेऊन दीड मैलाचा वळसा पडतो, आणि कांहीं वर्षांनीं ती त्या बाजूस जाणेंच सोडते. दोन पावसाळ्यांत घाणेरीचीं झुडपें वाट बुजवून टाकतात.

अशा वाटेविषयीं एखाद्या वाडीच्या लोकांनीं तहसीलदाराकडे दाद मागितली, तर आधीं गांवनकाशा पाहिला जातो. त्यावर गाडीमार्ग आणि पायमार्ग तुटक रेघांनीं दाखविलेले असतात. वाट तेथें असेल तर ठीक; नसेल तर स्थळपाहणी होते, पंचनामा होतो, जाणत्या माणसांचे जबाब घेतले जातात. या वाटेनें कोण जातें, केव्हांपासून जातें, कशासाठीं जातें, तिला गांवांत काय म्हणतात, कुंपण पडण्यापूर्वीं ती कोणत्या झाडाखालून वळत होती, हे त्या वेळचे प्रश्न असतात. त्या वाटेवर शहरांतून दर वर्षीं शेंकडों सुशिक्षित माणसें चाललेलीं असतात, आणि त्यांपैकीं निदान दहा जणांनीं तिच्यावर सुरेख लेख लिहिलेले असतात. ते लेख काढून पाहिले तर त्यांत धुकें मिळेल, पांखरांचा किलबिलाट मिळेल, लेखकाच्या मनाची प्रसन्नता मिळेल. गांवाचें नांव गाळलेलें असतें, तारीख नसते, आणि समोरून मोळी घेऊन आलेल्या बाईला वाट देण्यासाठीं लेखक बाजूला सरला होता, तो प्रसंग त्याला लिहिण्याजोगा वाटलेला नसतो.